धुतल्यावर गाडी मिसिंग मारते? प्लगचा खड्डा बघा

प्रेशरने धुतल्यावर बाईक सुरू व्हायची, पण रेस दिली की फटफट करत बंद. उन्हात उभी केली की ठीक, पुढच्या धुण्याला पुन्हा तेच. कार्बोरेटर रिकामा केला, प्लग नवा टाकला. फरक शून्य, डोकं उठलं.

पाणी प्लगच्या खड्ड्यात (इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, प्लग बसतो तो खोलगट भाग) साचत होतं. बऱ्याच गाड्यांच्या हेडला तिथून बाहेर जाणारं निचऱ्याचं बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पाणी साचतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाहेरूनच हेडवर उडते.

इंजिन गार, चावी बंद. भोकात तार घालून चिखल काढला. प्लगची कॅप (वायरच्या टोकाला असते ती टोपी) उपसली, पण प्लग जागेवरच ठेवून खड्ड्यात हवा मारली. प्लग आधी खोलला तर घाण थेट सिलिंडरमध्ये. कॅपच्या आत हिरवट गंज होता. कॅप वायरवरून डावीकडे फिरवून सोडवली, वायरचं टोक ५ मिमी कापलं (वायर तोकडी असेल तर हे करू नका) आणि कॅप परत फिरवून बसवली. कॅपच्या रबराला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला. धातूच्या टोकाला नाही. शेवटी कॅप ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबली.

आता प्रेशरचा पाइप हेडकडे धरला नाही, तर मिसिंग नाही. तिथे बादली-मगच बरा.