हजेरीसाठी उपक्रम सुरू करताय? या चुका टाळा

चित्रकला, नाटक, खेळ, बागकाम सुरू केलं की मुलं शाळेत यायला लागतील, हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. मुलं येतात, पण बहुतेकदा एरवीही येणारीच.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे उपक्रमाचं बक्षीस करणं. ‘हजेरी पूर्ण असेल त्यालाच नाटकात काम’ असा नियम केला की ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच बाहेर राहतो. पहिल्याच आठवड्यात तापाने दोन दिवस बुडाले, मग उरलेला महिना यायचं कशासाठी? लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली. शंभर टक्के हजेरीच्या प्रमाणपत्रांबद्दल मला फारसा उत्साह नाही, तो यामुळेच.

याच चुकीची दुसरी बाजू: गैरहजर राहिला म्हणून खेळाच्या तासाला वर्गात बसवून राहिलेला अभ्यास पूर्ण करून घेणं. शाळेत यायचं त्याचं एकमेव कारण आपणच काढून घेतो.

वेळही बघा. शाळा सुटल्यावरच्या उपक्रमाला धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलं थांबू शकत नाहीत. हजेरीपत्रक वारांप्रमाणे तपासा. सोमवारी बाकं रिकामी राहत असतील तर उपक्रम सोमवारी पहिल्याच तासाला घ्या.

मुलं फक्त उपक्रमाच्या दिवशी येतात? मग त्यांना रोजचं काहीतरी काम द्या: रोपांची मोजमापं, नाटकाच्या सामानाची जबाबदारी, तालमीत दुसऱ्याचं अडेल अशी भूमिका.

वर्गाच्या सरासरीवर मात्र विसंबू नका. चाळीसच्या वर्गात दोघं महिनाभर फिरकले नाहीत तरी हजेरी ९५ टक्के दिसते. दहा टक्के दिवस बुडणं अनेक ठिकाणी धोक्याची खूण मानतात. २०० दिवसांच्या वर्षात ते वीस दिवस होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. त्यामुळे नाववार यादी करा आणि उपक्रमाआधीचे व नंतरचे काही आठवडे ताडून पाहा.

तरीही एखादं नाव हलत नसेल तर कारण कंटाळ्याचं नसावं. दादागिरी, आजारपण, घरातलं काम, प्रवास यांवर नाटकाचा उतारा नाही. त्या मुलाला एकट्याला गाठून विचारा, वर्गासमोर नको.