सिनेमाचा खरा कर्ता दिग्दर्शकच आहे का, हे पडद्यावरून कसं तपासावं

सुरुवातीच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचं नाव बहुधा सगळ्यांत शेवटी आणि एकटंच येतं. तेवढ्यानं तो सिनेमाचा कर्ता ठरत नाही. पटकथा दुसऱ्याची असू शकते, प्रकाशयोजना छायालेखकाची, चेहरा आणि आवाज नटाचा, पैसा निर्मात्याचा. दिग्दर्शकाच्या हाती राहते ती निवड: कॅमेरा कुठे ठेवायचा, किती अंतरावर, कोणाच्या चेहऱ्यावर, किती वेळ, आणि कट कधी घ्यायचा. या निवडी पडद्यावर उघड दिसतात आणि बऱ्याचशा मोजताही येतात. कर्ता कोण हे ठरवायचं तर सिनेमे एकमेकांशेजारी ठेवून बघावे लागतात.

दिग्दर्शकच सिनेमाचा कर्ता की नाही, या वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कॅमेरा लेखणीसारखा वापरता आला पाहिजे, असं फ्रेंच समीक्षक अलेक्झांद्र आस्त्र्युकनं १९४८ मध्ये मांडलं. जानेवारी १९५४ मध्ये तरुण समीक्षक फ्रान्स्वा त्रुफोनं ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकात पटकथालेखकांच्या वर्चस्वाखालच्या फ्रेंच सिनेमावर हल्ला चढवला. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. त्या मासिकातल्या तरुण समीक्षकांचे लाडके दिग्दर्शक होते आल्फ्रेड हिचकॉक आणि हॉवर्ड हॉक्स, म्हणजे स्टुडिओच्या चौकटीत, बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेल्या पटकथांवर काम करणारे. तेव्हा स्वतः लिहितो तोच कर्ता, हा समज पहिल्याच पायरीवर सोडून द्यावा. १९६२ मध्ये अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिसनं दिग्दर्शकाला कर्ता म्हणण्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या: तंत्रावरची पकड, ओळखू येणारी शैली, आणि दिग्दर्शकाची वृत्ती व हाती आलेला मजकूर यांच्या ताणातून निघणारा आतला अर्थ. पुढच्याच वर्षी समीक्षक पॉलिन केलनं त्यावर कडक हरकत घेतली: शैली ओळखू येते म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. तपासणी करताना सॅरिसच्या कसोट्या वापराव्यात आणि केलची हरकत डोक्यात पक्की ठेवावी.

कोणते सिनेमे निवडायचे

एका सिनेमावरून काहीच सिद्ध होत नाही. किमान तीन घ्या, पाच मिळाले तर उत्तम. त्यांच्यात लेखक, छायालेखक आणि संकलक शक्य तितके वेगळे हवेत, प्रकारही वेगळे हवेत. बाकी सगळं बदलूनही जे टिकतं, ते दिग्दर्शकाचं असण्याची शक्यता मोठी. एवढं एकच तत्त्व या पद्धतीमागे आहे.

हॉक्स यासाठी चांगला नमुना आहे. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) हा विनोदी, ‘द बिग स्लीप’ (१९४६) गुप्तहेरपट, ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) वेस्टर्न. तिघांचे छायालेखक वेगळे: रसेल मेटी, सिडनी हिकॉक्स, रसेल हार्लन. तरी कॅमेरा बहुतांशी डोळ्याच्या उंचीवरच राहतो आणि माणसं एकमेकांच्या शेजारी, एकाच फ्रेममध्ये बोलताना दिसतात. यात एक खाच आहे. १९४६ आणि १९५९ या दोन्ही सिनेमांच्या पटकथेत ली ब्रॅकेट आणि ज्यूल्स फर्थमन आहेत. केवळ हे दोन बघून संवादांतलं साम्य हॉक्सच्या खात्यावर टाकलं, तर ते लेखकांचं असू शकतं. म्हणून तिसरा सिनेमा लागतोच, आणि श्रेयनामावली आधी कागदावर उतरवून घ्यावी लागते.

बघायचं कसं

पहिल्यांदा सिनेमा अखंड बघा, टिपणं न काढता. मग मधला दहा मिनिटांचा तुकडा निवडा. सुरुवात आणि शेवट टाळा, कारण तिथे निर्मात्याचा हात पडण्याची शक्यता जास्त असते. मोठी मारामारी-पाठलागाची दृश्यंही टाळा. ती बऱ्याचदा दुसरं युनिट, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय काम करणारा वेगळा चमू, चित्रित करतं. दोन-चार माणसं बोलताहेत असं साधं दृश्य सगळ्यांत उपयोगी.

या तुकड्यातले शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग भाग, मोजा. प्रत्येक कटला कागदावर एक रेघ. ६०० सेकंदांना शॉटच्या संख्येनं भागलं की सरासरी लांबी मिळते: ७५ शॉट असतील तर ८ सेकंद. १९३० ते १९६० च्या हॉलिवूडमध्ये ही सरासरी साधारण ८ ते ११ सेकंद असायची, पुढे ती बरीच खाली आली. म्हणून आकड्याची तुलना त्याच काळातल्या दुसऱ्या दिग्दर्शकांशी करा, आजच्या सिनेमाशी नाही.

दुसऱ्या फेरीत आवाज बंद करा आणि प्रत्येक शॉटपुढे कॅमेऱ्याची उंची, माणसापासूनचं अंतर आणि हालचाल लिहा. तिसऱ्या फेरीत आवाज सुरू करून फक्त एक गोष्ट बघा: कट कधी येतो? वाक्य संपायच्या आधी, संपताना, की संपून गेल्यावर थोडं थांबून? शैली इथे जितकी उघडी पडते तितकी भडक रंगांत किंवा लांबलचक ट्रॉली शॉटमध्ये पडत नाही.

समजा पटकथेत एवढंच लिहिलंय: ‘मुलगी आईला सांगते की ती परत येणार नाही. आई कप विसळत राहते.’ एक दिग्दर्शक मुलीचा क्लोजअप घेईल आणि वाक्य संपताच आईच्या चेहऱ्यावर कट करेल. दुःख कोणाला झालं हे तो आपल्याला सांगून टाकतो. दुसरा आईच्या पाठीमागे कॅमेरा ठेवून तो हलवणारच नाही. मुलगी फ्रेमच्या बाहेर, तिचा फक्त आवाज, आणि नळाखाली तोच कप दुसऱ्यांदा फिरणारा हात. आईचा चेहरा दिसत नाही, तो आपण मनात तयार करतो. तिसरा शेजारच्या खोलीच्या दारातून दोघींना लांबून दाखवेल, संभाषण संपल्यावरही चार सेकंद थांबेल आणि मग नळ बंद झाल्याचं ऐकवेल. लिहिलेली ओळ तीच राहिली, पण प्रेक्षकाला काय कळतं, कधी कळतं आणि कोणाच्या बाजूनं, ते तिन्ही वेळा बदललं. आता दुसऱ्या लेखकाच्या सिनेमातही तुमचा दिग्दर्शक ऐकणाऱ्याचा चेहरा असाच लपवतो का, ते शोधा. तीनपैकी तीन सिनेमांत सापडलं तर टिपण पक्कं, एकातच सापडलं तर तो त्या दृश्यापुरता निर्णय समजा.

इतरांचं श्रेय वेगळं काढा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) मध्ये बनारसच्या घराच्या अंगणात जो मऊ, जवळपास सावलीविरहित उजेड दिसतो, तो पाहून नवखा प्रेक्षक रायशैली म्हणून टिपण करेल. ते अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. वर कापड ताणून त्यावरून उजेड परतवायची युक्ती छायालेखक सुब्रत मित्र यांची. ते श्रेय मित्र यांचंच. त्या उजेडात कोण किती वेळ गप्प बसतं, हे मात्र राय ठरवतात. राय यांच्या बाबतीत तपासणीला आणखी दोन खुणा मिळतात: ‘तीन कन्या’ (१९६१) पासून संगीत त्यांचं स्वतःचं, आणि ‘चारुलता’ (१९६४) पासून कॅमेराही ते स्वतः चालवू लागले. या वर्षांच्या अलीकडचे आणि पलीकडचे सिनेमे ताडून बघा. जे दोन्हीकडे आहे ते रायांचं.

काही दिग्दर्शक वर्षानुवर्षं तीच माणसं घेऊन काम करतात, तेव्हा हे अवघड जातं. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचे १९४९ पासूनचे सगळे सिनेमे कोगो नोदानं त्याच्यासोबत लिहिले, आणि युद्धानंतरचे बहुतेक यूहारु अत्सुतानं चित्रित केले. अशा वेळी अपवाद शोधा. ‘फ्लोटिंग वीड्स’ (१९५९) हा दुसऱ्या स्टुडिओसाठी केलेला सिनेमा काझुओ मियागावानं चित्रित केला आणि तरीही कॅमेरा ओझूच्या इतर सिनेमांसारखाच खाली, जमिनीजवळ आहे. म्हणजे कॅमेऱ्याची जागा ओझूची. लेखनाबाबत मात्र नोदा सगळीकडेच असल्यानं तिथे कर्तेपण दोघांत वाटून द्यावं, हेच प्रामाणिक.

निर्मात्यालाही विसरू नका. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) वर दिग्दर्शक म्हणून व्हिक्टर फ्लेमिंगचं नाव आहे, पण जॉर्ज कुकर आणि सॅम वुड यांनीही त्यातले भाग चित्रित केले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस निर्माता डेव्हिड सेल्झनिक. तिथे दिग्दर्शकाची शैली शोधत बसणं वाया जातं.

कोणती आवृत्ती बघताय?

शेवटचा कट कोणाच्या हातात होता, हे कळल्याशिवाय निकाल देऊ नये. ‘ब्लेड रनर’च्या १९८२ च्या आवृत्तीत निवेदन आणि सुखान्त शेवट जोडलेला आहे, २००७ ची आवृत्ती दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या नियंत्रणाखाली तयार झाली. एकाच नावाखाली दोन वेगळे सिनेमे आहेत, म्हणून टिपणात वर्ष आणि लांबी लिहाच. अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डनं यावर सेटवरच उपाय काढला होता: गरजेपुरतंच चित्रण करायचं, म्हणजे संकलकाला दुसऱ्या तऱ्हेनं जोडायला सामग्रीच उरत नाही.

पुरावा म्हणून दिग्दर्शकाची मुलाखत सगळ्यांत शेवटी वापरा. कादंबरीवरचा सिनेमा असेल तर मूळ कादंबरी वाचा; विषय तिचा असतो आणि श्रेय दिग्दर्शकाला जातं, असं सर्रास होतं. हिचकॉकचं स्वतःच्या सिनेमांत पडद्यावर ओझरतं दिसणं ही सही आहे, शैली नाही. आणि लेखनाचा वाद असेल तर कच्चे खर्डे बघावेत. ‘सिटिझन केन’ची पटकथा जवळपास सगळी हर्मन मँकिविझची, असं केलनं १९७१ मध्ये लिहिलं, पण अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजरनं पटकथेचे एकामागोमाग एक खर्डे ताडून बघितले तेव्हा दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा वाटा मोठा असल्याचं दिसून आलं.

शेवटी निष्कर्ष एका वाक्यात लिहा, आणि तो खोटा ठरू शकेल असा लिहा. ‘याला माणसांविषयी करुणा आहे’ हे कोणालाही लागू पडतं. ‘वाईट बातमी सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला हा जास्त वेळ फ्रेममध्ये ठेवतो आणि कट उशिरा घेतो’ हे तपासता येतं. मग त्याच दिग्दर्शकाचा न पाहिलेला सिनेमा लावा, बोलण्याचं दृश्य सुरू होताच थांबवा, कॅमेरा कुठे जाईल आणि कट कधी येईल ते लिहा, आणि पुढे चालू करा. अंदाज चुकला तर आधी त्या सिनेमाचा संकलक कोण आहे ते पाहा.