रॉकेटमध्ये ट्रॅकर बसवावा का? उड्डाणाआधी असे ठरवा

हौशी रॉकेट किती उंच जाणार एवढ्यावरच ट्रॅकरचा, म्हणजे उतरलेले रॉकेट शोधून देणाऱ्या यंत्राचा, निर्णय घेतला, तर तो बहुधा चुकतो. उंचीइतकाच वाऱ्याचा आणि पॅराशूटचाही त्यात वाटा असतो. म्हणून आधी गणित, मग खरेदी.

१. रॉकेट किती वाहत जाईल ते काढा. सर्वोच्च उंचीला उतरण्याच्या वेगाने भागा. मिळालेल्या सेकंदांना वाऱ्याच्या वेगाने गुणा. उंची ३०० मीटर आणि उतरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर रॉकेट ६० सेकंद हवेत राहील. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर वाऱ्यात ते २४० मीटर दूर जाईल. तेच १,००० मीटरवर गेले तर २०० सेकंद आणि ८०० मीटर. वर वारा सहसा जास्त जोरात असतो, तेव्हा उत्तर दीडपट धरा.

२. आकडा मैदानाशी ताडून पाहा. आखूड गवताच्या मोकळ्या मैदानात भडक नारिंगी रॉकेट दोन-तीनशे मीटरवरही सापडते. गुडघाभर गवत किंवा उभे पीक असेल, तर ते पाच पावलांवर असूनही दिसत नाही. अंतर मैदानाच्या कडेपलीकडे जात असेल किंवा रॉकेट वर दिसेनासे होणार असेल, तर ट्रॅकर हवाच.

३. त्याआधी वाहणे कमी करता येते का ते पाहा. हलक्या रॉकेटला पॅराशूटऐवजी स्ट्रीमर, म्हणजे फडफडणारी लांब पट्टी, पुरतो. पॅराशूटच्या मधोमध भोक पाडले की ते लवकर खाली येते. मात्र फार लवकर आले तर फिन (शेपटाकडचे पंख) मोडतात. मोठ्या रॉकेटला दोन टप्प्यांचा उपाय आहे: वर ड्रोग, म्हणजे छोटे पॅराशूट, आणि १५० मीटरवर मुख्य पॅराशूट. ड्रोगवर सेकंदाला २० मीटर वेग धरला, तर तेवढ्याच वाऱ्यात १,००० मीटरच्या उड्डाणाचे ८०० मीटरचे अंतर २९० मीटरवर येते. हा फरक कोणत्याही ट्रॅकरपेक्षा मोलाचा.

४. मग प्रकार निवडा. रॉकेट कुठे पडले ते साधारण ठाऊक आहे, पण गवतात दिसत नाही, अशा वेळी कर्कश बीपर पुरतो. रेडिओ बीकन फक्त दिशा सांगतो. हातात यागी (एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणारी) अँटेना धरून सिग्नल कुठे जोरात येतो ते शोधावे लागते, आणि त्याला सराव लागतो. जीपीएस ट्रॅकर थेट अक्षांश-रेखांश पाठवतो. लांबच्या उड्डाणाला हाच घ्या. चाव्यांना लावतात तो ब्लूटूथ टॅग जवळच्या अनोळखी फोनच्या भरवशावर चालतो, आणि निर्जन मैदानात असे फोन नसतात. काही रेडिओ फ्रिक्वेन्सींना हॅम (हौशी रेडिओ) परवाना लागतो. तुमच्याकडचा नियम आधी तपासा.

५. जागा आणि वजन पाहा. शंभर ग्रॅमच्या रॉकेटमध्ये २० ग्रॅमचा ट्रॅकर म्हणजे पाचवा हिस्सा. उंची घटते, मोटरचा डिले (ती जळून संपल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचा वेळ) बदलावा लागतो आणि पॅराशूटही पुन्हा मोजावे लागते. नोज कोनमध्ये (रॉकेटच्या टोकात) बसवला तर गुरुत्वमध्य पुढे सरकून स्थिरता वाढते, हा एक फायदा. कार्बन फायबरची नळी रेडिओ लहरी अडवते. पुठ्ठा आणि फायबरग्लास चालतात. धातूचा रॉड किंवा धातूकणांचा रंग अँटेनाजवळ नको. उंची मोजून पॅराशूट उघडणाऱ्या अल्टीमीटरपासून ट्रान्समीटर शक्य तितका लांब ठेवा. बॅटरी पट्टीने आवळा. उड्डाणाच्या झटक्याने कनेक्टर निसटतो, आणि ट्रॅकर गप्प होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

६. चाचणी जमिनीवर घ्या. ट्रॅकर रॉकेटमध्ये बंद करून गवतात आडवा ठेवा आणि रिसीव्हर घेऊन दूर चालत जा. हवेतला काही किलोमीटरचा पल्ला इथे काहीशे मीटरवर येतो. खरा पल्ला हाच.

७. लाँच पॅडवर जीपीएसला उपग्रह सापडेपर्यंत थांबा. मोटर जळताना सिग्नल तुटला तर घाबरू नका. पॅराशूट उघडल्यावर तो सहसा परत येतो. रॉकेट उतरताना रिसीव्हरवर नजर ठेवा आणि शेवटचे स्थान लगेच लिहून घ्या, कारण जमिनीला टेकताच संदेश थांबू शकतात. त्या बिंदूपाशी जाऊन रिसीव्हर डोक्यावर उंच धरा. सिग्नल मिळाला नाही, तर वारा वाहत होता त्या दिशेने पुढे शोधा. रॉकेट विजेच्या तारांवर अडकलेले दिसले, तर ते तिथेच सोडा.