स्क्रीनवर दिसतं, प्रिंटमध्ये गायब: एक्सरेफच्या पुढे-मागे होण्यातल्या या चुका टाळा

बेळगावात खानापूर रोडच्या बाजूला एका लेआउटचं, म्हणजे जमिनीवर प्लॉट पाडण्याचं, काम आमच्याकडे होतं. ९ बाय १२ मीटरचे साइट (प्लॉट), म्हणजे आपल्याकडच्या बोलीत फुटांत तीस-चाळीस. मधून रस्ते, एका कोपऱ्यात पार्क. सर्व्हेअरची बेस फाइल वेगळी, रस्त्यांची वेगळी, साइटची वेगळी, आणि छापायच्या शीटच्या फाइलमध्ये तिन्ही एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरच राहून आत नुसत्या दिसणाऱ्या फाइली म्हणून, जोडलेल्या. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी ए१ चा प्रिंट आला, तर रस्त्याकडेच्या साइटचे निम्मे नंबर गायब. करड्या हॅचखाली, म्हणजे भरलेल्या रंगाखाली, गाडले गेलेले. ऑफिसातली पोरगी रडवेली झाली. "स्क्रीनवर तर दिसत होते की, सर!"

खरंच दिसत होते. ते प्रकरण शेवटी सांगतो, कारण तिथं पोचेपर्यंत आम्ही बाकीच्या सगळ्या चुका एकदा करून घेतल्या. पुढचं सगळं ऑटोकॅड या ड्राफ्टिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे. त्याच्यासारखी स्वस्तातली सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही वस्तू पुढे-मागे करणारी ड्रॉऑर्डर हीच कमांड मिळेल. मायक्रोस्टेशनवाल्यांना हे काम रेफरन्सच्या खिडकीतल्या अपडेट सिक्वेन्समधून करावं लागतं.

एक्सरेफच्या पोटातली रेष बाहेरून ओढू नका

अमोनिया प्रिंटच्या काळात ज्यांनी काम केलंय त्यांना हे पटकन कळतं. ट्रेसिंगचे तीन कागद एकावर एक ठेवलेत. कुठला कागद वर आणि कुठला खाली, हे तुमच्या हातात. पण खालच्या कागदावरची एकच रेष उचलून वरच्या दोघांच्या मध्ये सरकवता येईल का? एक्सरेफ हा तसला कागद आहे. त्यात दहा हजार रेषा असोत, मुख्य फाइलच्या लेखी ती एकच वस्तू.

तरी रोज कोणीतरी कॉलमच्या हॅचवर क्लिक करून 'सेंड टू बॅक' मारतोच. अख्खा एक्सरेफ मागे जातो, आणि त्यातल्या ज्या भिंती वर हव्या होत्या त्याही सोबत जातात. मग 'ब्रिंग टू फ्रंट'. आता आपली डायमेन्शन झाकली. हा झोपाळा अर्धा तास चालतो. टेक्स्ट-टू-फ्रंटनं काम होईल असं वाटतं, पण एक्सरेफ किंवा ब्लॉकमधली अक्षरं त्या कमांडनं एकटी पुढे येत नाहीत.

उपाय सरळ आहे. एक्सओपन देऊन मूळ फाइल उघडा, हॅच तिथंच मागे टाका, सेव्ह करा आणि मुख्य फाइलमध्ये येऊन रीलोड करा. वस्तू ज्या फाइलमध्ये काढलीय, तिचा क्रम त्याच फाइलमध्ये राहतो.

अडचण खरी येते ती एकाच एक्सरेफमधलं काही आपल्या कामाखाली आणि काही वर हवं असतं तेव्हा. रस्त्याचा करडा रंग साइटच्या खाली, पण रस्त्याची मध्यरेषा वर, असं. काहीजण तीच फाइल दोनदा जोडतात. वाटतं, एका प्रतीत हॅच फ्रीज करू, म्हणजे लपवू, दुसरीत रेषा. जमत नाही. दोन्ही प्रतींचे लेयर एकच असतात, एकीकडे फ्रीज केलं की दुसरीकडेही गेलं. फाइलच दोन करायची: एकीत फक्त भरलेले रंग, दुसरीत रेषा आणि अक्षरं. आमच्या ऑफिसात आता प्रत्येक लेआउटला 'रंग' नावाची वेगळी फाइल असते. पहिल्यांदा कंटाळा येतो, नंतर त्याशिवाय करमत नाही.

लेयरची यादी म्हणजे थर नव्हे

आपल्याकडची बरीच पोरं आधी कोरलड्रॉवर गणपतीचे फ्लेक्स करून मग ड्राफ्टिंगला येतात. तिथं यादीत वरचा लेयर म्हणजे चित्रातही वर. क्यूजीआयएसमध्येही तसंच. ऑटोकॅडमध्ये लेयरचा आणि पुढे-मागेचा काडीचा संबंध नाही. लेयरच्या नावाआधी शून्य-शून्य लावून तो यादीत वर आणणारा एक हुशार गडी मी पाहिलाय. यादी छान दिसली, चित्र होतं तसंच राहिलं.

जोडताना विचारलं जाणारं 'अटॅच की ओव्हरले' हेही तसंच फसवं. ओव्हरले म्हणजे वर ठेवणं, असं नावावरून वाटतं. पण ती फाइल पुढे तिसऱ्या फाइलमध्ये आपोआप जाणार की नाही, एवढंच त्यानं ठरतं. वर-खाली काही होत नाही.

नवं हॅच 'सीमारेषेच्या मागे' गेलं, पण कितपत मागे?

हॅच टाकताना मूळ सेटिंग असतं ते सीमारेषेच्या मागे ठेवण्याचं, म्हणजे एचपीड्रॉऑर्डर ३. लोकांना वाटतं, हॅच तळाला गेलं. ते फक्त आपल्या सीमारेषेच्या एक पायरी खाली गेलेलं असतं. तुम्ही सीमारेषा आत्ता काढलीत, म्हणून ती सगळ्यांच्या वर आहे, आणि तिच्या लगेच खालचं हॅच सकाळी जोडलेल्या एक्सरेफच्या वरच बसतं. तळाला टाकायचं तर ती किंमत १ करा. आधीच काढलेल्या हॅचसाठी हॅच-टू-बॅक एकदा चालवा. ती कमांडही याच फाइलमधल्या हॅचपुरती आहे, एक्सरेफच्या आतल्या हॅचला ती हात लावत नाही.

सर्व्हे खात्याच्या कन्नड नकाशाचं स्कॅन खाली घेऊन काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्कॅन उशिरा जोडलात तर ते सगळ्यांच्या वर येतं आणि खालचं सगळं झाकतं. जोडल्या जोडल्या मागे टाका. नंतर टाकू म्हटलं की विसरतंच.

पाथ तुटला म्हणून डिटॅच करू नका

पेनड्राइव्हवरून फाइल आली, फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर गेलं, आणि यादीत 'नॉट फाउंड' आलं. घाईत डिटॅच करून फाइल पुन्हा जोडली जाते. नव्यानं जोडलेली वस्तू सगळ्यांच्या वर येते, म्हणजे लावलेला क्रम गेला. शिवाय मुख्य फाइलमध्ये त्या एक्सरेफच्या लेयरचे बदललेले रंग आणि फ्रीजही गेले. त्यापेक्षा यादीत त्याच नावावर राइट क्लिक करून पाथ बदला. जागा आणि क्रम तसेच राहतात. पाथ रिलेटिव्ह ठेवलात तर पूर्ण फोल्डर हलवल्यावर ही वेळच येत नाही.

फिकट दिसणारा एक्सरेफ मागे गेलाय असं समजून ड्रॉऑर्डर मारत बसणारेही आहेत. तो मागे नसतो, फक्त स्क्रीनवर फिकट केलेला असतो. एक्सडीडब्ल्यूजीफेडसीटीएल हे फिकटपणाचं सेटिंग शून्य करून बघा.

स्क्रीन एक सांगते, कागद दुसरं

आता ती संध्याकाळ. रस्त्यांचा एक्सरेफ मागे होता, साइटचा पुढे, मॉडेलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ड्रॉइंग काढतो त्या जागेत, सगळे नंबर स्वच्छ. रीजेन करून, म्हणजे स्क्रीनवर चित्र नव्यानं उमटवून पाहिलं, तेच.

आधी सॉर्टएंट्स तपासलं, म्हणजे पुढे-मागेचा क्रम कुठल्या कामात पाळायचा हे ठरवणारं सेटिंग. ते १२७ असायला हवं. ही संख्या वेगवेगळ्या कामांच्या आकड्यांची बेरीज असते, आणि तिच्यातले ३२ हे प्लॉटिंगचे. ते ३२ कोणी काढून टाकले, तर स्क्रीनवरचा क्रम कागदावर येईलच असं नाही. ते त्या-त्या ड्रॉइंगमध्ये सेव्ह होतं, म्हणून बाहेरून आलेल्या फाइलमध्ये काहीही सापडू शकतं. आमचं १२७ होतं.

मग प्रिंटवाल्यावर संशय. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली मर्ज कंट्रोल असतं. तिथं 'लाइन्स मर्ज' असेल तर वरची वस्तू खालचीला झाकत नाही, दोन्हींचे रंग मिसळतात. वाइपआउट (खालचं झाकणारा कोरा तुकडा) किंवा पांढऱ्या हॅचमधून खालच्या रेषा आरपार दिसू लागल्या की समजावं, हीच गडबड आहे. 'लाइन्स ओव्हरराइट' करावं लागतं. पण आमचं दुखणं उलटं होतं, आमचं झाकलं जात होतं. प्रिंटवाल्याची माफी मागून परत आलो.

तिसरी शंका पेपर स्पेसची, म्हणजे छापायचा कागद मांडतो त्या जागेची. पेपर स्पेसमधला टायटल ब्लॉक (कामाच्या नावाची चौकट) आणि मॉडेलमधल्या वस्तू यांच्यात ड्रॉऑर्डर चालत नाही, दोन्हींची घरं वेगळी. एरवी पेपर स्पेस आधी छापला जातो. तो वर हवा असेल तर प्लॉटच्या खिडकीत 'प्लॉट पेपर स्पेस लास्ट' असा पर्याय असतो. आमचे नंबर मात्र मॉडेलमध्येच होते.

शेवटी पोरीनं मॉडेलऐवजी लेआउटच्या टॅबवर, म्हणजे पेपर स्पेसमध्ये, जाऊन झूम केलं, आणि नंबर तिथंही नव्हते. तोवर आम्ही दोघंही मॉडेलच बघत बसलो होतो. व्ह्यूपोर्ट, म्हणजे कागदावरून मॉडेल दाखवणारी खिडकी, निवडून प्रॉपर्टीज उघडल्या, तर व्हिज्युअल स्टाइल (वस्तू कशा दाखवायच्या ती पद्धत) 'रिअलिस्टिक'. शीट एका जुन्या थ्रीडी कामाच्या फाइलवरून कॉपी केलेली होती.

टूडी वायरफ्रेममध्ये वरून बघताना ड्रॉऑर्डर चालते. रिअलिस्टिक, शेडेडसारख्या स्टाइलमध्ये ती बाजूला पडते आणि ज्याची उंची जास्त ते वर, असा हिशेब लागतो. आता सर्व्हेअरची पद्धत आठवा. तो प्रत्येक बिंदूला समुद्रसपाटीपासूनची लेव्हल देतो, आणि आपलं बेळगाव आहे सुमारे ७५० मीटरवर. रस्त्याची हद्द त्याच्या बिंदूंवरून काढलेली, म्हणून तिच्यावरचं हॅचही ७५० च्या आसपास तरंगत होतं. साइटचे नंबर आम्ही टाकलेले, ते शून्यावर. पाऊण किलोमीटर खालून ते वर कसे दिसणार?

व्ह्यूपोर्टची स्टाइल टूडी वायरफ्रेम केली, शेड प्लॉट 'अ‍ॅज डिस्प्लेड' ठेवलं. नंबर आले. खातरजमा करायची तर वस्तू निवडून प्रॉपर्टीजमध्ये एलिव्हेशन किंवा झेड बघा. तिथं सातशेच्या घरातला आकडा दिसला की पुढचं शोधत बसायला नको.

रस्त्याच्या फाइलमधलं हॅच एलिव्हेशन शून्य करून ठेवलं. सगळंच सपाट करून टाकू का, असं पोरीनं विचारलं. सर्व्हेअरच्या बेस फाइलला हात लावायचा नाही म्हटलं. त्याच लेव्हलवरून पुढच्या आठवड्यात गटारींचा उतार काढायचा होता.