‘बघू’ला इथे तारीख लागते

जर्मनीत, श्टुटगार्टला नव्याने येणाऱ्यांचे फोन सुरू झाले की प्रश्न ठरलेले असतात. घर कसं शोधायचं, तांदूळ कुठे मिळतो, कुकर आणू का? (आणा. पण इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा आणा, आणि दोन गास्केट जादा.) पहिल्या वर्षी माणूस खरा जिथे ठेचकाळतो, त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ते म्हणजे आपलं ‘बघू’.

आपल्याकडे ‘बघू’ केवढी कामं करतो! तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नसलं की बघू. मनात आहे पण घरी विचारायचंय, तरी बघू. सगळं जमलंय पण नजर लागायला नको, तेव्हाही बघूच. यातला कोणता बघू कोणता, हे ऐकणारा सुरावरून ओळखतो. इथे सूर कुणी ऐकत नाही, शब्द ऐकतात.

मी चिंचवडहून आलो त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. टीम लीडरने विचारलं, चाचणीचा अहवाल शुक्रवारपर्यंत होईल का? चाचणीचं यंत्र दुसऱ्यांकडे अडकलंय, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, ‘या, इश शाउए’, म्हणजे ‘हो, बघतो’. त्याला ‘हो’ तेवढं ऐकू आलं आणि बैठकीच्या टिपणात माझ्या नावापुढे शुक्रवार पडला. शुक्रवारी सकाळी तो टेबलाशी आला. अहवाल नाही म्हटल्यावर आवाज चढेल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एवढंच विचारलं, “होणार नाही हे तुला केव्हा कळलं?” मी म्हणालो, “बुधवारी.” “मग बुधवारी का नाही सांगितलंस?”

याचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही. रागावला असता तर परवडलं असतं. मी मात्र त्या दोन दिवसांत यंत्र मोकळं होईल, काहीतरी जमेल, रात्री बसून उरकू, अशा आशेवर होतो. चिंचवडला असं कितीदा तरी जमवलंही होतं.

तेव्हा एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा: इथे अनिश्चित असलेलं चालतं, मोघम बोललेलं चालत नाही. ‘अजून माहीत नाही, बुधवारी दुपारपर्यंत सांगतो’ हे इथलं अगदी इभ्रतीचं उत्तर आहे. त्याने कुणी तुम्हाला कच्चं समजत नाही. मात्र बुधवारी दुपारी, काहीच कळलेलं नसलं तरी, ‘अजूनही कळलेलं नाही’ एवढं कळवायचं. नवी मुलं इथेच चुकतात. सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प बसतात.

दुसरा धक्का बैठकीत बसतो. तुम्ही हौसेने एखादी कल्पना मांडता आणि चार जण ‘हे बंद पडलं तर?’, ‘माल उशिरा आला तर?’ असं सुरू करतात. सगळे आपल्यावर तुटून पडले असं वाटून पोरं घरी येऊन उदास होतात. तसं नसतं. या शंकांना ते ‘बेडेन्केन’ म्हणतात, आणि त्या काढणं म्हणजे कल्पना मनावर घेतल्याची खूण. आपण ‘सुरू तर करू, पुढचं पुढे’ म्हणतो आणि अडचण आली की निभावून नेतो. ते सगळी काळजी सुरुवातीलाच करून मोकळे होतात. यात त्यांचंच बरोबर असं मला वाटत नाही. यादीत नसलेली अडचण उभी राहिली की ते गोंधळतात आणि आपली मुलं तेव्हाच खुलतात.

गेर्ट हॉफस्टेडे या डच संशोधकाने आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० मध्ये देशांचे निर्देशांक मांडले. त्यातला एक अनिश्चितता टाळण्याचा (आकडा जितका मोठा, तितकी अनिश्चितता नकोशी): भारत ४०, जर्मनी ६५, जपान ९२. एकाच कंपनीतल्या नोकरदारांची ती सरासरी, तेव्हा शेजारच्या आजींना त्या फुटपट्टीने मोजू नका. शिवाय अनिश्चितता टाळणं म्हणजे जोखीम टाळणं नव्हे, हेही त्यानेच बजावलंय. बराचसा ऑटोबान, म्हणजे इथला द्रुतगती महामार्ग, बिनवेगमर्यादेचा ठेवणारा देश भित्रा कसा म्हणायचा? आणि पुण्यात जपानी शिकून टोकियोला गेलेल्यांनी माझा सल्ला तिकडे वापरू नये. जपानचा आकडा जर्मनीहून मोठा, वेळापत्रक काटेकोर, पण ‘केन्तो शिमास’, म्हणजे ‘विचार करतो’, हे तिथे बरेचदा नाहीच असतं. तिथे आपला ‘बघू’ मुरलेला माणूस लवकर रुळेल.

आता कागद. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करायची. त्याला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. टपालपेटीवर आपलं नाव त्याच दिवशी चिकटवा. नाव नसलं तर पत्र परत जातं, आणि कराचा क्रमांक पत्रानेच येतो.

सगळ्यात मजेचा कागद पुढे भेटेल. व्हिसा संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला आणि निर्णय लांबला, तर मधल्या काळासाठी ‘फिक्स्योन्सबेशायनिगुंग’ मिळतं. शब्दशः ‘कल्पिताचा दाखला’! परवाना अजून चालूच आहे असं मानायचं, त्याचं प्रमाणपत्र. आपण अधांतरी असतो, यांनी अधांतराचाही शिक्का मारलेला कागद केला. तो घेऊन भारतात जायचं असेल तर आत कुठल्या चौकोनात खूण आहे ते आधी बघा. ती खूण निवास कायद्याच्या ८१व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमापुढे असेल, तरच त्यावर परत येता येतं. घाईत तिकीट काढू नका.

माणसांचंही तसंच. समोरच्या दाराच्या कुटुंबाला मी दोन वर्षं ‘या ना कधीतरी जेवायला’ म्हणत होतो. ते हसून आभार मानायचे आणि यायचे नाहीत. मग एकदा ‘येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला’ म्हटलं, तर पुरणपोळी कशात भरतात इथपर्यंत विचारून अकरा वाजता उठले. वेळेचीच एक गंमत: ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धे तीन’, ऐकून कुणी साडेतीनला जातं. ते अडीच आहे. आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’वरूनच आलाय, तिसऱ्यातला अर्धा. म्हणजे मराठी माणसाने खरं तर चुकायलाच नको.

आणि जर्मन भाषेत धूसर काही नाहीच, असंही समजू नका. ‘या’ म्हणजे हो आणि ‘नाइन’ म्हणजे नाही, या दोहोंची खिचडी करून त्यांनी ‘याइन’ असा शब्द केलाय. त्याहून कामाचा शब्द ‘आयगेन्टलिश’, म्हणजे ‘तसं पाहिलं तर’. ‘आयगेन्टलिश गेट दास निश्ट’, म्हणजे ‘तसं पाहिलं तर हे जमत नाही’, ऐकलं की उठून जाऊ नका, दार किंचित उघडं आहे. एका कचेरीत मला सांगितलं, तसं पाहिलं तर सहा आठवडे वेळ नाही. मी इथलाच जुना विनोद केला, “उन्ट उनआयगेन्टलिश?” म्हणजे, “आणि तसं न पाहिलं तर?” बाई हसल्या, चष्मा कपाळावर सरकवून पडद्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “गुरुवार, सकाळी सात चाळीस. पण सात चाळीस म्हणजे सात चाळीस.”