गाडीचा सूर आधी लावून घ्या

नव्या गाडीच्या लाँचला पेट्रोलची गाडी स्टेजवर यायची तेव्हा अर्धं काम इंजिनच करायचं. ड्रायव्हरने एकदा रेस दिली की हॉल जागा व्हायचा. विजेची गाडी पडद्यामागून येते ती अगदी निमूट. ती पोकळी भरायला लाइव्ह बँड बोलावतात, आणि या कामात शिरू पाहणाऱ्या वादकांनी, साउंडवाल्यांनी एक गोष्ट आधीच धरून चालावी: ही गाडी पूर्ण मुकी नाही. चालू करताना तिचा स्वतःचा सूर वाजतो. बीएमडब्ल्यूने असे आवाज हॉलिवूडचे संगीतकार हान्स झिमर यांच्यासोबत केले, महिंद्राने ए. आर. रहमान यांच्यासोबत. युरोपात तर ताशी 20 किमी वेगापर्यंत बाहेर ऐकू येणारा आवाज 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला सक्तीचा आहे.

मला हे चाकणजवळच्या एका लाँचला कळलं. मी कीबोर्डवर, सोबत तबला, बासरी, ड्रम्स. आठवडाभर काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, तालीम झाली होती. आदल्या रात्री गाडी आली, बटण दाबलं, आणि तिचा सूर निघाला पांढरी चार आणि तिच्या शेजारच्या काळी तीनच्या बरोबर मधला! आमच्या पहिल्याच स्वराशी तो असा घासला की बासरीवाल्या दादांनी बासरी खाली ठेवली. कीबोर्डचं ट्यूनिंग मी सेंटमध्ये, म्हणजे सुराच्या बारीक मापात, खाली घेतलं; तबलजीने हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे वर सारत दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, उतरवला. बासरी मात्र इतकी खाली येईना. शेवटी पहिली आठ आवर्तनं बासरी गप्प ठेवली आणि गाडीचा सूर विरल्यावर आम्ही हळूच काळी तीनवर सरकलो. दुसऱ्या दिवशी बासरी आली तेव्हा लोकांनी गाडीवरची नजर काढून बासरीकडे पाहिलं. मला ती जागा आजही सगळ्यात प्रिय आहे.

तेव्हापासून काम घेतानाच मी गाडीच्या आवाजाची फाइल मागून घेतो.

तबल्याचं अजून एक. स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने पुडी (तबल्यावरचं चामडं) ताणली जाऊन सूर चढतो, दमट गारव्यात उतरतो. साउंडचेक दिवे लावूनच करा.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे क्लिक, लय दाखवणारी टकटक. पडदा, लाइट, एलईडीवरची फिल्म आणि गाडीचं फिरतं टेबल एकाच टाइमकोडवर, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या सामायिक घड्याळावर, चालतात. बँडला त्याचा क्लिक कानात घातलेल्या इयरफोनमध्ये (इन-इयर) मिळतो. हॉलच्या स्पीकरवर भिस्त ठेवून वाजवू नका. आवाज 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग घेतो, आणि मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत तो मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. लांब रॅम्पच्या टोकाला बसलेला ड्रमर एवढ्याने सहज मागे पडतो. घरी मेट्रोनोम लावून रोज अर्धा तास वाजवा, आणि मधेच तो बंद करून लय टिकते का ते पाहा.

शिक्षणाबद्दल मुलं विचारतात. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो मुख्यतः चित्रपटासाठी. लाइव्हचं काम साउंड कंपनीत केबल गुंडाळत, लाइन-चेक (प्रत्येक माइक-केबलमधून आवाज येतो का ते पाहणं) करतच हाताला बसतं. मी वर्षभर तेच केलं.

आणि तालमीच्या दिवशी शो-कॉलरला, म्हणजे कार्यक्रमात कधी काय व्हायचं ते पुकारणाऱ्याला, विचारून घ्या, गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीला चार्जर लावलाय का. दारं उघडी, स्क्रीन चालू, अशी गाडी तासन्‌तास उभी राहिली की ती लहान बॅटरी बसते. मग ऐन वेळी बटण दाबूनही ज्या सुरासाठी सगळे थांबलेत तो येत नाही.