शाळा सुरू झाली, आता या चुका टाळा: ठाण्यातल्या पालकांना मुख्याध्यापिकेचं पत्र

पालकहो, सस्नेह नमस्कार.

पावसाळा आणि शाळा एकदमच सुरू होतात. जून-जुलैत कार्यालयातला फोन सतत वाजत असतो. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी गेलं की एखादा निरोप सापडतो, उशिरा पोचलेला, भलत्याकडे गेलेला किंवा सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पाठवलेला. त्रास मात्र मुलालाच होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पावसाची सुट्टी

लाल इशारा आला की पहाटेपासून व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रं फिरू लागतात. त्यातलं एखादं गेल्या वर्षीचं असतं. शिक्का खरा, सही खरी, फक्त तारीख जुनी. पत्र पुढे पाठवण्याआधी तारीख आणि कार्यालयाचं नाव वाचा. सुट्टी जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त जाहीर करतात आणि ती त्यांच्या हद्दीपुरती असते. मुंबईतल्या शाळांना सुट्टी मिळाली म्हणजे ठाण्यातल्या शाळा बंद, असं नाही. नवी मुंबईचं आणि कल्याण-डोंबिवलीचंही तसंच. वर्गशिक्षिकेचा निरोप आला तरच सुट्टी धरा. आणि शाळा चालू असली तरी तुमच्या गल्लीत पाणी भरलं असेल, तर मुलाला खुशाल घरी ठेवा. त्या दिवसाच्या गैरहजेरीबद्दल मुलाला कुणी बोलणार नाही.

रोज सकाळी पोट दुखतं?

पहिली-दुसरीतलं मूल निघायच्या वेळी पोट धरून बसतं आणि रविवारी दिवसभर हुंदडतं. घरात लगेच दोन तट पडतात. बाबा म्हणतात नाटक करतोय, आजी म्हणते बाई ओरडत असतील. दोन्हींपैकी काही ठरवण्याआधी पाण्याची बाटली बघा. सकाळी भरून दिलेली बाटली घरी जवळपास तशीच परत येत असेल, तर मूल शाळेत बाथरूमला जाणं टाळतंय आणि त्यासाठी पाणीच पीत नाही, अशी दाट शक्यता आहे.

कारणं आपल्याला क्षुल्लक वाटतील. नव्या पँटचा हूक त्याला उघडता येत नाही. बेल्ट घट्ट आहे. आतून कडी लावली तर अडकून पडू, अशी भीती वाटते. मधल्या सुट्टीत मोठी मुलं ढकलून पुढे जातात. तासाला विचारलं तर सगळे हसतील, असंही वाटतं. लघवी रोखून धरायची सवय लागली की मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो आणि शौच रोखल्यानं पोट खरंच दुखायला लागतं. तेव्हा मूल खोटं बोलत नसतं.

हूकऐवजी इलॅस्टिकची पँट घ्या, गणवेशात ती चालते. घरी त्याच पँटवर चार दिवस सराव करून घ्या. सकाळी घाई न करता शौचाला बसवा, त्यासाठी थोडं लवकर उठावं लागलं तरी चालेल. ‘बाई, मला बाथरूमला जायचंय’ हे वाक्य मोठ्यानं म्हणायला लावा. डायरीत दोन ओळी लिहून द्या, मग आमच्या मावशी त्याला दारापर्यंत सोबत करतील. तरी फरक पडला नाही तर मला येऊन भेटा. मग बाकावर शेजारी कोण बसतं, व्हॅनमध्ये काय होतं, ते आपण मिळून शोधू. पोटदुखीनं रात्री झोपमोड होत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र आमची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

वर्गाच्या ग्रुपवर मुलाचं नाव

‘आज अमक्यानं माझ्या मुलाला मारलं.’ रात्री असा एक मेसेज पडतो आणि सकाळपर्यंत वर्गभर त्या दुसऱ्या मुलावर शिक्का बसलेला असतो. तोही सातच वर्षांचा आहे. दुसऱ्या दिवशी डबा खायला त्याच्याजवळ कुणी बसत नाही, हे मी पाहिलं आहे आणि मला ते अजिबात मान्य नाही. तक्रार वर्गशिक्षिकेकडे करा, ग्रुपवर नको. तक्रार शिक्षकाबद्दल असेल तर थेट माझ्याकडे या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. ‘उगाच कशाला वाकडं घ्यायचं’ म्हणून गप्प बसू नका.

नेणारी व्यक्ती बदलली तर

घोडबंदर रोडला अडकलात आणि शेजारच्या काकूंना पाठवलंत, तर फोनवर त्यांचं नाव कळवा. मुलाला सकाळी सांगून ठेवलेलं पुरत नाही. काकूंना फाटकाशी थांबवलं की त्यांना राग येतो, पण आम्ही थांबवणारच.

झोपेचंही सांगायला हवं. २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरतात, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. रात्री अकरापर्यंत मोबाइल चालू राहिला तर वेळ बदलून उपयोग काय? या वयात किमान नऊ तास झोप हवीच. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. रोज रात्री वेळापत्रक बघून दप्तर मुलालाच भरू द्या. प्रकल्पही त्यालाच करू द्या, वेडावाकडा चालेल.

ताप उतरवायचं औषध पाजून शाळेत पाठवू नका. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच पाठवा. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड दिसले तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्याच दिवशी आम्हाला कळवा.

शेवटचं काम कागदांचं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाच्या वेळी मुलाची नोंद होते ते), तिन्हीकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतात का, ते बघा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन दुसरीकडे गेल्यावर खूप हेलपाटे पडतात. फरक दिसला तर मूळ जन्मदाखला आणि त्याची झेरॉक्स घेऊन कार्यालयात या, अर्जाचा नमुना तिथेच मिळेल.